गोंदणारा हात

विश्वास कोणावर ठेवावा, हा प्रश्न मनुष्याला जन्मभर पुरतो. न्हाव्याच्या वस्तऱ्याखालीं आपण मान देतों, अनोळखी मोटारवाल्याच्या पाठीमागें बसून घाट उतरतों, आणि औषधाच्या दुकानांतून आणलेली गोळी तिचें नांवही न वाचतां गिळतों. या सर्व प्रसंगीं आपण कांहीं विचार केलेला असतो असें नाहीं. संवय झालेली असते, एवढेंच. परंतु कधीं कधीं असा एखादा प्रसंग येतो कीं, तेथें संवय उपयोगीं पडत नाहीं, आणि विश्वास म्हणजे काय येथपासून विचार करावा लागतो. आमच्यावर तसा प्रसंग अलीकडेच आला. निमित्त झालें आमच्या पुतणीचें.

आमचे धाकटे बंधु वारल्यापासून ही मुलगी आमच्या घरींच वाढली. आतां ती तेवीस वर्षांची आहे आणि स्वतःच्या पायांवर उभी आहे. एके रात्रीं जेवणें आटोपल्यावर ती म्हणाली, "काका, मला हातावर गोंदून घ्यायचं आहे."

आम्हीं चष्मा काढून तिच्याकडे पाहिलें. "सज्ञान आहेस, मिळवती आहेस. परवानगी कशाला मागतेस?"

"परवानगी नाहीं मागत. तुम्ही बरोबर चला. दुकान तुम्ही पारखायचं. जन्मभर तर्कशास्त्र शिकवलंत ना?"

"आणि गोंदायचं काय?"

"आजीच्या हातावर होतं तें तुळशीवृंदावन."

हें ऐकून आम्ही कांहीं वेळ गप्प बसलों. पुतणीला वाटलें, काका विचारांत पडले. आम्ही विचारांत पडलों नव्हतों. आम्हांला कांहीं आठवलें होतें. तें काय, हें पुढें ओघानें येईल.

आमच्या पिढीच्या शिकलेल्या लोकांनीं गोंदण ही खेड्यांतल्या अडाणी बायकांची बाब म्हणून सोडून दिली होती. तीच आतां इंग्रजी नांव घेऊन परत आली आहे. आमच्या आईनें गोंदणारणीला पसाभर जोंधळे दिले असतील. आज त्याच ठिपक्यांना हजारांनीं रुपये पडतात. तथापि ही गोष्ट वस्तुतः ना अडाण्यांची, ना शहाण्यांची. आल्प्स पर्वतांतील बर्फांत १९९१ सालीं पांच हजारांहून अधिक वर्षांपूर्वींच्या एका मनुष्याचें प्रेत सांपडलें. त्याच्या अंगावर गोंदल्याच्या एकसष्ट खुणा मोजण्यांत आल्या आहेत, आणि त्या काजळीच्याच आहेत. म्हणजे ज्यानें त्याला गोंदलें त्याच्यापुढें त्यानेंही एकदां विश्वासानें हात केलाच असला पाहिजे.

पुतणीच्या हौसेला आमचा विरोध नव्हता. आम्हांला भीति होती, आणि तिला कारण होतें. दहा-बारा वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांतील एक विद्यार्थी जत्रेंत दंडावर नांव गोंदवून आला. जत्रेंतला कारागीर गोणपाट टाकून जमिनीवर बसलेला. पुढ्यांत नमुन्यांचा फळा, शेजारीं बॅटरी, शाईची एकच वाटी आणि यंत्राला एकच सुई. एकाचें झालें कीं सुई फडक्याला पुसावयाची आणि दुसऱ्याचा दंड धरावयाचा. अडीच महिन्यांनीं त्या मुलाचे डोळे पिवळे झाले. 'बी' प्रकारची कावीळ असल्याचें डॉक्टरांनीं सांगितलें. ती सुईमुळेंच झाली असें कोणी शपथेवर सांगूं शकलें नाहीं. परंतु दुसरें कारणही सांपडलें नाहीं. मुलगा बरा झाला, पण त्याचें वर्ष गेलें. वर्गांत त्याच्या रिकाम्या बाकाकडे पाहून आम्ही अनुमानाचे नियम सांगत होतों, याची आम्हांला आजही लाज वाटते, कारण जत्रेला जाण्यापूर्वीं त्यानें, "सर, गोंदलेलं चांगलं दिसतं का हो?" असें आम्हांलाच विचारलें होतें, आणि आम्हीं हंसून टाळलें होतें.

म्हणून या खेपेस आम्हीं टाळलें नाहीं. आमचा पिंड पुस्तकी. तेव्हां प्रथम वाचन केलें. गोंदणें म्हणजे कातडीला रंग लावणें नव्हे, कातडीखालीं रंग पुरणें होय. वरची कातडी सदैव झडत असते. तेथें ठेवलेला रंग महिन्याभरांत निघून जाईल. म्हणून सुई त्याखालच्या थरांत, सुमारें एक ते दोन मिलिमीटर खोल, न्यावी लागते. न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायली यानें १८९१ सालीं विजेच्या यंत्राचें पेटंट घेतलें. त्याचें मूळ एडिसनच्या विजेच्या लेखणींत होतें. तेव्हांपासून हीच सुई मिनिटाला शेंकडों वेळां खालींवर होऊं लागली. शरीर या रंगाला परकी वस्तु समजतें आणि त्याच्या रक्षक पेशी रंगाचे कण गिळून बसतात. उंदरांवरील जें संशोधन २०१८ सालीं प्रसिद्ध झालें, त्यांत असें दिसलें कीं, अशी एक पेशी मेली कीं तिच्यांतून सुटलेला रंग नवी पेशी उचलून धरते. गोंदण टिकतें तें याप्रमाणें हातोहात.

परंतु जी सुई रंग आंत नेते ती दुसऱ्याचें रक्तही आंत नेऊं शकते. 'बी' काविळीचा विषाणु वाळलेल्या रक्तांत, डोळ्यांना दिसणार नाहीं इतक्या लहान डागांतही, निदान सात दिवस जिवंत राहतो. 'सी' प्रकारच्या काविळीला तर अद्याप लस नाहीं. न्यूयॉर्क शहरानें १९६१ सालीं काविळीच्या सांथीचें कारण देऊन गोंदण्यावर बंदी घातली, आणि ती १९९७ पर्यंत उठविली नाहीं. या छत्तीस वर्षांत तेथें गोंदणें बंद पडलें असें मात्र नाहीं. तें दाराआड गेलें. जें दाराआड जातें त्याला पारखणें अधिकच कठीण होतें. शेवटीं त्या शहरानें बंदी काढली आणि परवाना आणला. आम्हांलाही तोच मार्ग बरा वाटला. पुतणीला नको म्हटलें असतें तर तिनें आमचा मान राखून कांहीं दिवस वाट पाहिली असती आणि मग एकटीच गेली असती.

एका रविवारीं आम्ही दोघें निघालों. पहिलें दुकान मोठ्या बाजारांत, कांचेच्या दारांचें. भिंतींवर प्रशस्तिपत्रें आणि नामांकित गिऱ्हाइकांचीं छायाचित्रें. मालक तरुण, बोलण्यांत गोड. आम्हीं विचारलें, "उपकरणं कशीं शुद्ध करतां?"

"सर, आमच्याकडे सगळं स्टरलाइज्ड असतं."

"तें कसं करतां?"

"मशीन आहे आंत."

"बघतां येईल?"

"आंत गिऱ्हाइकांना सोडत नाहीं, सर. पण आज बुक केलंत तर वीस टक्के सूट आहे."

निष्कर्ष सांगावयाचा आणि त्याचें साधक विचारलें कीं दुसरा विषय काढावयाचा, ही युक्ति आम्ही विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतून पुष्कळ पाहिली आहे. तरी पण एवढ्यावरून त्याला दोषी ठरविणें न्यायाचें झालें नसतें. यंत्र खरोखरीच आंत असेल. निकाल लावला पुतणीनें. शेजारच्या खुर्चीवर एकाचा हात गोंदणें चालू होतें. गोंदणाऱ्याच्या हातांत काळे मोजे होते. त्याचा फोन वाजला. त्यानें तो मोज्यासकट हातांत घेतला, बोलला, खिशांत ठेवला, आणि त्याच बोटांनीं गिऱ्हाइकाची कातडी ताणून सुई लावली. पुतणीनें आमच्या बाहीला हळूच ओढलें. आम्ही बाहेर पडलों.

दुसरें दुकान आमच्या महाविद्यालयाजवळच्या गल्लींत, एका खोलीचें. तेथला मुलगा व्हिडिओ पाहून स्वतःच शिकलेला. त्यानें सुईचें पाकीट आमच्यासमोर फोडून दाखविलें, वरची तारीख वाचावयास दिली, किंमत आधीं सांगितली. आम्हांला तो आवडला. मग आम्हीं शाईविषयीं विचारलें. मोठ्या बाटलींतून तो शाई वाटींत घेई, घट्ट वाटली तर पिण्याच्या पाण्याचे चार थेंब टाकी, आणि उरलेली पुन्हां बाटलींत ओती. "सर, शाई महाग आहे. टाकून कशी देऊं?" असें त्यानें मोकळेपणानें सांगितलें. त्यानें खोटें सांगितलें असतें तर आम्हांला कळलेंही नसतें. त्याचा प्रामाणिकपणा निर्विवाद होता. परंतु सुई नवी घेऊन तिच्यानें मागच्या गिऱ्हाइकाची शाई पुढच्याच्या अंगांत घालण्यानें काय साधलें?

शाईचें प्रकरण वाटतें तितकें क्षुल्लक नाहीं. अमेरिकेंत रॉचेस्टर येथें २०११ सालीं एकोणीस जणांच्या गोंदणांवर पुरळ उठून राहिलें. क्षयाच्या जंतूचाच एक दूरचा भाऊबंद त्यांच्या कातडींत शिरला होता. तपास झाला तेव्हां दुकान स्वच्छच निघालें. राखी रंगाची तयार शाईच तेथें पोंचण्यापूर्वीं दूषित झालेली होती. म्हणजे स्वच्छ दुकानांतही बाटली कोणाची, कोणत्या घाण्याची, हें नोंदलेलें असावें लागतें. नाहींतर रोग कोठून आला याचा माग लागत नाहीं. आम्हीं त्या मुलाला हें सर्व जमिनीवर बसून सांगितलें. त्यानें एका कागदावर टिपून घेतलें. त्याच्याकडे गोंदवून घेतलें नाहीं, तरी त्या दुकानांतून निघतांना मनाला जें थोडें वाईट वाटलें तें पहिल्या दुकानांत वाटलें नव्हतें.

तिसरें दुकान एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर. पाटी लहान. चालविणाऱ्या बाई पंचेचाळिशीच्या. आम्ही प्रश्न विचारण्याच्या तयारीनें गेलों होतों. परंतु प्रश्न त्यांनींच सुरू केले, आणि तेही आम्हांला नव्हे, पुतणीला. रक्त पातळ करणारें औषध चालू आहे का? जखम भरल्यावर तेथें गांठीसारखा व्रण उठतो का? मधुमेह? कसली ॲलर्जी? 'बी' काविळीची लस घेतली आहे का? सध्यां कोणत्या गोळ्या चालू आहेत?

पुतणी म्हणाली, "मुरुमांसाठीं डॉक्टरांनीं गोळ्या दिल्या आहेत." नांव ऐकतांच बाईंनीं वही मिटली.

"मग आत्तां मी सुई लावणार नाहीं. या गोळ्यांनीं कातडी नाजूक होते. त्या संपूं द्या, नंतर कांहीं महिने जाऊं द्या, आणि तुमच्या डॉक्टरांनीं हो म्हटलं कीं या. तोंवर काविळीची लस पुरी करा. तीन टोचण्यांना सहा महिने लागतातच."

पुतणी हिरमुसली. आम्ही मात्र मनांतल्या मनांत पुस्तक मिटलें. पहिल्या दुकानांत आज आलांत तर सूट होती. येथें पैसे घेऊन आलेलें गिऱ्हाईक परत चाललें होतें. कोणत्याही धंद्यांत 'हो' म्हणणारा मनुष्य फायद्यासाठीं म्हणतो कीं हितासाठीं, हें ओळखूं येत नाहीं. 'नाहीं' म्हणणाऱ्याचें तें लगेच ओळखूं येतें.

तरीही पारख अपुरी राहूं नये म्हणून आम्हीं आमचे प्रश्न विचारलेच. बाईंना त्यांचा राग आला नाहीं. त्यांनीं सुयांचीं पाकिटें दाखविलीं; प्रत्येक सुई एकदांच वापरून जाड भिंतीच्या पांढऱ्या डब्यांत टाकावयाची, आणि तो डबा रुग्णालयांचा कचरा नेणाऱ्यांकडे द्यावयाचा. जीं थोडीं उपकरणें पुन्हां वापरावीं लागतात तीं ऑटोक्लेव्ह नांवाच्या वाफेच्या पात्रांत, १२१ अंश सेल्सिअस उष्णतेंत, दाबाखालीं पंधरा-वीस मिनिटें ठेवावयाचीं. पाकिटावरची पट्टी रंग बदलते. परंतु ती एवढेंच सांगते कीं वस्तु तापली. जंतु खरोखर मेले कीं नाहीं हें पाहण्यासाठीं अतिशय चिवट जंतूंचे बीजाणु मुद्दाम आंत ठेवून त्यांची परीक्षा घ्यावी लागते. त्या परीक्षांची तारीखवार वहीही त्यांनीं पुढें केली. शाई इवल्याशा टोपणांत ओतावयाची आणि उरली तर टाकावयाची. कोणाच्या अंगांत कोणत्या बाटलींतली शाई गेली, तें दुसऱ्या वहींत. आम्हीं परीक्षक म्हणून पुष्कळ वह्या तपासल्या आहेत. इतकी सरळ वही क्वचितच पाहिली असेल.

निघतांना बाई म्हणाल्या, "तुळशीवृंदावनाचीं चित्रं पाहिजे तेवढीं मिळतील. पण आजींचंच हवं असेल तर त्यांचा फोटो आणा. हात दिसेल असा."

आतां तें सांगितलें पाहिजे.

आमच्या आईच्या डाव्या हाताच्या आंतल्या बाजूला, मनगटापासून चार बोटांवर, तुळशीवृंदावन गोंदलेलें होतें. लहानपणीं तापांत पडलों म्हणजे तो हात आमच्या कपाळावर असे, आणि डोळे उघडले कीं पहिल्यानें तें हिरवटनिळें वृंदावन दिसे. पुढें आम्ही शिकलों. १९९० सालीं एम. ए. ची पदवी घेतली तेव्हां आईला घेऊन छायाचित्र काढावयास गेलों. झगा घालून आम्ही खुर्चीवर बसलों, आई शेजारीं उभी राहिली. छायाचित्रकारानें तिला हात खुर्चीच्या पाठीवर ठेवावयास सांगितला. वृंदावन अगदीं समोर आलें. तेव्हां आम्हीं हलक्या आवाजांत म्हटलें, "आई, हात पदराखालीं घे." तिनें कां म्हणून विचारलें नाहीं. घेतला.

त्यानंतर आमच्या घरीं कोणी प्राध्यापक आले म्हणजे चहा देतांना आई पदर मनगटापर्यंत ओढून घेई. आम्हीं पुन्हां कधीं तिला सांगितलें नाहीं. सांगावें लागलें नाहीं. २००९ सालीं ती गेली. तिचीं छायाचित्रें थोडकींच. त्या रात्रीं आम्हीं पेटी उघडून एकेक पाहिलें. एकांतही तो हात नव्हता.

आम्हीं पुतणीला जवळ बसवून सर्व हकीकत सांगितली. ती रागावेल असें वाटलें होतें. ती पुष्कळ वेळ पदवीचें तें छायाचित्र पाहत राहिली आणि म्हणाली, "मग काका, आतां आठवून सांगा."

आठवणीनें सांगावयास गेलों तों पंचाईत. वृंदावनाला पायऱ्या होत्या, पण किती? मंजिऱ्या होत्या, ठिपके होते. सात कीं नऊ? ज्या हाताकडे पाहूं नये असें स्वतःला शिकविलें, तो नीट आठवावा कसा? तेव्हां आम्हीं वांईजवळच्या आमच्या गांवीं, आक्कांकडे जाण्याचें ठरविलें. आक्का आमची थोरली बहीण, सत्तरी ओलांडलेली. तिच्या हातावरही आईनें आपल्यासारखेंच वृंदावन गोंदवून घेतलें होतें.

आक्कांनीं हात पुढें केला. रेघा पसरून एकमेकींत मिसळल्या होत्या, तरी आकार स्पष्ट होता. पुतणी पातळ कागद ठेवून उतरवूं लागली, आणि आक्का सांगूं लागल्या. गोंदणारीण दर वर्षीं सुगी झाली कीं येई आणि वडाखालीं बसे. तीन-चार सुया दोऱ्यानें बांधलेल्या, काजळ पाल्याच्या रसांत कालवलेलें. त्या दिवशीं अकरा मुली होत्या, आणि सुया त्याच. वरून हळद दाबली कीं झालें. "एकीचा हात पिकला. कोपरापर्यंत सुजला. पोर वांचली, पण महिनाभर हात उचलेना. पुढच्या वर्षीं बाई आली तशी तिच्या आईनं सगळ्यांपुढं फाडफाड बोलून घेतलं. बिचारी मान खालीं घालून बसली. जोंधळे परत दिले."

आम्हांला ही गोष्ट फार विचार करावयास लावणारी वाटली. जुन्या गोंदणाचें कौतुक करतांना आपण त्या अकरा मुली आणि त्या एकाच सुया विसरतों. गोंदणारीण निर्धोक मुळींच नव्हती. परंतु ती पुढच्या वर्षीं त्याच वडाखालीं येणार होती, आणि जिचा हात पिकला तिच्या आईला तिला गांठतां येत होतें. तिच्याजवळ उत्तरदायित्व होतें, ज्ञान नव्हतें. कांचेच्या दुकानांत ज्ञान असेलही, पण तेथें उद्यां कोण भेटेल याचा नेम नाहीं. सुरक्षितपणा आणि विश्वासूपणा हे दोन निराळे गुण आहेत. एक असला म्हणून दुसरा असतोच असें नाहीं, आणि हात पुढें करणाराला दोन्ही लागतात.

कागद उचलतांना पुतणी म्हणाली, "आत्या, पायऱ्या दोनच?"

"माझ्या दोन. आईच्या तीन होत्या. मी फार रडायला लागलें, म्हणून गोंदणारणीनं तिसरी सोडून दिली. आई म्हणाली, पुरी कर. ती म्हणाली, नको बाई, पोर नको म्हणतीय." मग आक्का आमच्याकडे वळून म्हणाल्या, "मेल्यावर सोनं-नाणं इथंच राहतं, बरोबर गोंदण तेवढं येतं, असं आई म्हणायची. तिच्या बरोबर गेलं असेल बघ." आम्हीं मान हालविली. बोलवलें नाहीं.

गोळ्या थांबल्या, लसीच्या तीन टोचण्या झाल्या, डॉक्टरांनीं संमति दिली, आणि आठ महिन्यांनीं आम्ही पुन्हां तो जिना चढलों. बाईंनीं कागदावरची आकृति पाहून दोन गोष्टी सुचविल्या. रेघा वर्षानुवर्षें पसरतात, म्हणून दोन रेघांमध्यें अंतर थोडें अधिक ठेवावें. आणि मनगटाची घडी पडते तेथून आकृति बोटभर वर घ्यावी. प्रथम नुसता ठसा उमटवून पुतणीला आरशांत पाहावयास लावलें; एकदां पुसून पुन्हां उमटविला. मग हात धुतले, नवे मोजे घातले. यंत्राची दोरी, दिवा, टेबल, जेथें जेथें हात लागणार तेथें तेथें स्वच्छ पातळ आवरण होतें. मध्येंच दारावर टकटक झाली. बाईंनीं मोजे काढून टाकले, दार उघडलें, परत येऊन हात धुवून दुसरे मोजे घातले, आणि मगच सुई उचलली. त्या आमच्याकडे पाहून तसें करीत नव्हत्या. आम्ही त्या वेळीं पुतणीच्या चेहऱ्याकडे पाहत होतों, हें त्यांना ठाऊक होतें.

पाऊण तासांत काम झालें. पायऱ्या तीन. बाईंनीं एक कागद दिला: सौम्य साबणानें हात कसा धुवावा, खपली कां काढूं नये, जखम भरेपर्यंत पोहणें आणि ऊन कां टाळावें, लाली वाढत चालली, पू आला किंवा ताप चढला तर आमच्याकडे नव्हे, आधीं डॉक्टरकडे जावें. खालीं शाईच्या बाटलीचा क्रमांक आणि त्यांची सही. आणखी एक गोष्ट त्यांनीं तोंडीं सांगितली. आपल्या देशाच्या रक्तदानाच्या नियमांप्रमाणें गोंदल्यावर १२ महिने रक्त देतां येत नाहीं. पुतणी नियमानें रक्त देणारी. तिला हें एवढें मात्र लागलें. पण तिनें तारीख लिहून ठेवली.

जिना उतरतांना आमच्या मनांत आलें कीं, आम्हीही तीस वर्षें गोंदण्याचाच धंदा केला. कोवळीं मनें पुढें येत गेलीं आणि आम्ही त्यांवर आमच्या रेघा ओढीत गेलों. आमची सुई कोणी तपासली नाहीं. आम्हीं कोणाला 'तूं अजून तयार नाहींस, सहा महिन्यांनीं ये' असें म्हटल्याचें आठवत नाहीं. आणि कोणाच्या मनांत कोणत्या बाटलींतली शाई घातली, याची वहीही नाहीं. आईच्या हाताची लाज आम्हांलाही अशीच कोणीतरी गोंदली असली पाहिजे. मात्र तिच्याकरितां त्या अज्ञात गुरूला दोष देऊन आमची सुटका होत नाहीं. शब्द आमचे होते.

परवां आमचे एक सहकारी घरीं आले होते. पुतणीनें चहा आणून ठेवला. बाही कोपरापर्यंत दुमडलेली होती. सहकारी म्हणाले, "वा, छान आहे हो! आमची मुलगीही मागं लागली आहे. कोणाकडे काढून घेतलंत?" आम्हीं त्यांना जिन्याचा पत्ता दिला, कोणते प्रश्न विचारावे तें सांगितलें, आणि बाईंनीं 'आज नको' म्हटलें तर वाद घालूं नका असेंही बजावलें.

"आणि नमुना कुठला?" त्यांनीं विचारलें.

पुतणी आमच्याकडे पाहत होती.

"आमच्या आईचा," आम्हीं सांगितलें.